दंड आणि दाखला

ज्या दोन वृद्धांच्या तोंडून एकाच गोष्टीच्या दोन बाजू मी लहानपणापासून ऐकत आलो, ते दोघेही आता ऐंशीच्या घरात आहेत आणि वाईच्या आमच्या ओसरीवर, कृष्णेकडून वारा येतो त्या अंगास, आजही संध्याकाळी समोरासमोर बसतात. एक माझे मामा. साताऱ्यास चाळीस वर्षे दिवाणी वकिली केलेले, कागदावर नसलेली गोष्ट घडलीच नाही असे सरकार समजते, हे त्या चाळीस वर्षांत शिकलेले. दुसरी माझी आत्या. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तालुकेच्या तालुके फिरून वैद्यकीय अधिकारी म्हणून निवृत्त झालेली, आणि कागदावर सर्व काही ठीक असताना मूल मात्र दगावलेले असते, हे त्याच काळात डोळ्यांनी पाहिलेली. घरातल्या मुलांच्या तोंडची नावेच त्यांनी एकमेकांसाठी स्वीकारली असल्याने मामा तिला ‘आत्याबाई’ म्हणतात आणि ती त्यांना ‘मामा’ म्हणते.

परवाच्या वादाचे निमित्त झाली माझी नऊ महिन्यांची नात. गोवर-रुबेलाची लस टोचण्याची तिची तारीख येऊन ठेपली होती. सून लसीकरणाचे कार्ड हातात घेऊन ओसरीवर आली आणि संकोचाने म्हणाली, “आत्याआजी, ही टोचायलाच हवी का? मोबाईलवर एक मजकूर आला आहे की, या लसीने मूल पुढे बोलेनासे होते, आपल्यातच राहते. मी अडाणी नाही. पण वाचल्यापासून झोप नाही.”

आत्याने तिला शेजारी बसवून घेतले. रागावणे तिच्या स्वभावात नाही. “ही भीती कोठून आली ते सांगते,” ती म्हणाली. “लंडनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरने १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकाच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. मुले किती, तर १२. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्र लसीशी त्याने आतड्याचा विकार आणि स्वमग्नता यांचे नाते सुचवले. पुढे तपासात निघाले की, मुले निवडण्यात लबाडी होती, नोंदी फिरवल्या होत्या. २०१० साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या वैद्यक परिषदेने त्याचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. त्यानंतर एकट्या डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वेगळे निघाले नाही. आणि मामा, ही गोष्ट तुमच्यासाठी सांगते. लस बनवणाऱ्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून त्या डॉक्टरला पैसे मिळत होते, आणि ते त्याने लपवले होते.”

मामा शांतपणे म्हणाले, “माझ्या पेशातल्या माणसांनी केलेले पाप मी नाकारत नाही. तो कागद खोटा होता, तो फाडला गेला, हे योग्यच झाले. परंतु आत्याबाई, खोटा कागद खोटा ठरला, एवढ्याने खरे कागद कोठे आहेत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. माझा कागद कोठे आहे?”

ओसरी क्षणभर निःशब्द झाली. मामांचा धाकटा मुलगा, माझा मामेभाऊ, तान्हा असताना त्यास त्रिगुणी लस टोचली होती. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिहींची मिळून एक, असा तेव्हा शिरस्ता होता. त्याच रात्री त्याला भरून ताप आला, पहाटे आकडी आली, आणि त्यानंतर तो जो मागे पडला तो शब्द अडखळत बोलणारा, हिशेब न जमणारा, परंतु साऱ्या घरास जीव लावणारा असा माणूस म्हणून वाढला. मामांनी आरोग्य केंद्रात अर्ज दिला. ‘नोंद नाही’ असे उत्तर मिळाले. दुसरा अर्ज दिला, त्यास उत्तर आले नाही. तिसऱ्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारलेला त्यांनी स्वतः पाहिला. ज्या माणसाचे आयुष्य कागदांवर गेले, त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा कागद असा दोन शब्दांत मिटला.

“त्या लसीनेच हे केले असे मी म्हणत नाही,” मामा पुढे म्हणाले. “मी वैद्य नाही. माझी तक्रार एवढीच आहे की, कोणी विचारावयास आले नाही. सरकार ज्या हाताने टोचते, त्याच हाताने दार लोटून घेते, आणि मग लोक दार उघडत नाहीत म्हणून त्यांना अज्ञ म्हणते.”

आत्या म्हणाली, “त्या लसीने ताप येतो आणि काही मुलांना तापाबरोबर आकडीही येते, हे आम्हांला तेव्हाही ठाऊक होते. मेंदूला कायमची इजा होते असे मात्र मोठमोठ्या तपासण्यांत सिद्ध झाले नाही. तुमच्या लेकाचे दुखणे लसीमुळे उद्भवले की दुसरे काही आधीपासून होते आणि त्याच रात्री वर आले, हे आज मी शपथेवर सांगू शकत नाही. कारण ज्याने पाहायचे त्याने पाहिले नाही. यात दोष तुमच्याकडे नाही, मामा.”

मला येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. वादाचे पुढचे वळण मी कितीही निःपक्षपातीपणे सांगावयाचे ठरविले, तरी ते वाक्य ऐकताना मामांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला विसरता येणार नाही. त्यांच्या तिन्ही अर्जांना मिळालेले ते पहिले खरे उत्तर होते.

परंतु वकील थांबत नाही. मामांनी मुंबईचा विषय काढला, कारण लसीवरच्या आपल्याकडील वादाचे मूळ तेथेच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, ज्यास आपली वर्तमानपत्रे तेव्हा ग्रंथिक सन्निपात म्हणत; आणि ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा जागेत त्यावरची लस करू लागले. दुसरीकडे १८९७ चा साथरोगांचा कायदा आला, पुण्यात रँडसाहेबाची कमिटी आली, गोरे शिपाई घरात शिरले, देवघर आणि माजघर यांतला भेद त्यांना कळला नाही, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

“रोग एकच, शहरे दोन,” मामा म्हणाले. “पुण्यात दंडुका घेऊन आरोग्य आले, आणि लोकांनी प्लेगपेक्षा आरोग्याचीच अधिक धास्ती घेतली. मुंबईतसुद्धा १८९६ च्या ऑक्टोबरात हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले, ते त्यांना रोगाची आवड होती म्हणून काय? आपले माणूस आत नेले की बाहेर येत नाही, एवढेच त्यांनी पाहिले होते.”

“आणि त्याच पुण्यात,” आत्या म्हणाली, “सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. तीही आरोग्यसेवाच, मामा. तिच्या हाती दंडुका नव्हता. हाफकिनसाहेबांचेही पाहा. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि मात्रा घेतली ती इतरांना पुढे दिली त्याहून कितीतरी मोठी. मग त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथल्या कैद्यांपैकी सुमारे दीडशे जणांनी टोचून घेतले, त्यांपैकी २ आजारी पडले, एकही दगावला नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले, ६ गेले. विश्वास असा मिळतो. आधी स्वतःचा दंड पुढे, मग दुसऱ्याचा.”

“स्वतःचा दंड पुढे केला, त्यास माझा नमस्कार,” मामा म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. “पण तुरुंगातला होकार हा होकार आहे काय? ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याजवळ आहे, त्याने राजीखुशीने संमती दिली असे कोणत्या कोर्टात चालेल? आणि तुरुंगाबाहेर तरी काय होते? ज्याच्याजवळ टोचून घेतल्याचा दाखला, त्याला विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळे. सक्ती असा शब्द कोठेही नाही. केवळ न टोचणाऱ्याची वाट अरुंद करावयाची. सव्वाशे वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२१ पासून, मुंबईच्या लोकलने जावयाचे तर दोन मात्रा आणि वर चौदा दिवस, असा नियम आला. ज्याचे पोट त्या गाडीवर चालते त्याला ‘लस ऐच्छिक आहे’ असे सांगण्यात कोणता प्रामाणिकपणा आहे? सक्ती करावयाची तर सक्ती म्हणून करा, कायदा करा, चर्चा होऊ द्या. मागच्या दाराने येणाऱ्या हुकुमास जबाब कोणी द्यावयाचा, हेच ठरलेले नसते.”

हा मुद्दा मला बिनतोड वाटला आणि अजूनही वाटतो. १८७७ साली मुंबईत देवीच्या लसीची सक्ती करणारा जो कायदा झाला तो परक्या सरकारचा होता, तरी तो निदान उघड कायदा होता. दंड किती, मुदत किती, हे त्यात लिहिलेले होते. आमच्या मराठीत त्या लसीस ‘देवी काढणे’ म्हणत आणि टोचणाऱ्यास ‘देवी डॉक्टर’. माझी आजी सांगे की, देवी डॉक्टर वेशीत शिरला की बायका पोरांना कणगीत लपवीत. आणि हीच आजी, देवीचे व्रण चेहऱ्यावर घेऊन जगलेल्या आपल्या धाकट्या बहिणीची आठवण काढून, स्वतःच्या मुलांना मात्र हाताला धरून त्याच्यापुढे घेऊन गेली होती.

मामांनी मग मुल्कोवालचे प्रकरण काढले, आणि ते काढणार हे आत्याला ठाऊक असावे, कारण तिने मान हलविली. पंजाबातल्या त्या खेड्यात ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्यांना टोचले ते १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी नेमली गेली, बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असा निष्कर्ष निघाला, आणि हाफकिन कामावरून दूर झाले. पुढे सावकाश उजेडात आले की, गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून दाद मागितली, तेव्हा कोठे हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला.

“यात दोन अन्याय आहेत,” मामा म्हणाले. “एका निरपराध माणसास पाच वर्षे गुन्हेगार ठरविले, हा एक, तो सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या नावाने परळास संस्था आहे. दुसरा त्या १९ कुटुंबांवरचा. त्यांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत? मलाही नाहीत. शास्त्राचा इतिहास हाफकिनवरील अन्याय सांगतो आणि त्या एकोणीस जणांना संख्येत घालून पुढे जातो.”

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तो चिमटा मी माझ्या नोकरीत पाहिला आहे.” आणि तिने जी हकीगत सांगितली ती आम्हां घरच्यांनीही कधी ऐकली नव्हती. उमेदवारीच्या काळात एका वस्तीवर टोचण्याची मोहीम होती, माणसे थोडी आणि दिवस मावळतीला आलेला. सुया पुरेशा उकळल्या गेल्या नाहीत हे तिच्या लक्षात आले होते, तरी ‘आजचा आकडा पुरा झाला पाहिजे’ असा वरून निरोप असल्याने ती गप्प राहिली. एका बाईने विचारले, ‘डॉक्टरीणबाई, काही होणार तर नाही?’ आणि ती म्हणाली, ‘काही होत नाही.’ आठवड्याने त्या बाईच्या मुलाच्या मांडीत मोठे गळू झाले. मूल बरे झाले. परंतु पुढच्या वर्षी त्या वस्तीतले एकही दार उघडले नाही, आणि त्याच हिवाळ्यात तेथे गोवर आला.

“दोन मुले गेली,” आत्या म्हणाली. “ती लसीने गेली नाहीत, लस न टोचल्याने गेली, पण लस का टोचली नाही, याचे उत्तर माझ्या त्या तीन शब्दांत होते. ‘काही होत नाही’ हे मी पुढे कोणालाही सांगितले नाही. ताप येईल, रडेल, दंड सुजेल, क्वचित याहून अधिक होईल आणि तसे झाले तर मी येथे आहे, असे सांगू लागले. वेळ दुप्पट लागे. आकडा कमी भरे. वरून मेमो येत.”

“तरी तुम्ही सक्तीच्या बाजूच्या,” मामा म्हणाले.

“गोवराच्या बाबतीत, होय. मामा, सगळ्या लसी एका मापाने मोजू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. धनुर्वात एकाचा दुसऱ्यास होत नाही. त्याची लस न घेणारा स्वतःचेच नुकसान करतो, त्यास समजावावे, जबरदस्ती करू नये. कोविडच्या लसीने माणूस मरणापासून बचावला, परंतु ती घेतलेल्यांकडूनही रोग पसरत राहिला. म्हणून न घेणाऱ्यालाच गाडीतून उतरवण्याचा आधार पुढेपुढे लंगडा पडत गेला. गोवराचे तसे नाही. एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना होतो, आणि त्याची लस फैलावच थांबवते. शंभरांतल्या पंच्याण्णवांना टोचले तर उरलेले पाच आपोआप सुरक्षित राहतात. त्या पाचांत कोण असते? नऊ महिन्यांच्या आतली बाळे, ज्यांना अजून टोचता येत नाही. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी पोरे, ज्यांना टोचून चालत नाही. त्यांचा होकार कोणी विचारला? २०२२ साली गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर उसळला तो कोविडच्या दोन वर्षांत चुकलेल्या सुयांमुळे आणि दाटीवाटीच्या झोपड्यांमुळे. तेथे मुले दगावली, मामा. गोवर झालेल्या हजारांत एखाद्याच्या मेंदूला सूज येते. लसीची जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते, आणि ती बहुतेक अर्ध्या तासाच्या आत होते, म्हणून तर तेथे अर्धा तास बसवून ठेवतात.”

मामांनी हे सर्व मन लावून ऐकले. मग ते आपल्या सवयीप्रमाणे निकालावर आले. “सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जे सांगितले ते याच्या जवळपास आहे. कोणाच्याही अंगात बळाने सुई खुपसता येणार नाही, शरीरावरचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातला आहे. परंतु सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधने घालू शकते, मात्र ती प्रमाणात असली पाहिजेत, आणि त्या वेळची कोविडबाबतची बंधने त्या प्रमाणात बसत नव्हती. लोक हा निकाल येथेच वाचावयाचे थांबवतात. त्यात आणखी एक गोष्ट आहे. लसीनंतर ज्यांना त्रास झाला त्यांच्या नोंदी, रोग्याची ओळख उघड न करता, लोकांना पाहता आल्या पाहिजेत. माझ्या मते तो या निकालाचा गाभा आहे. त्याआधी, २०१९ च्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयानेही गोवर-रुबेलाच्या शाळांतल्या मोहिमेविषयी हेच म्हटले होते की, पालकांस न विचारता टोचता येणार नाही, आणि कोणत्या मुलास टोचू नये हेही त्यांना कळविले पाहिजे.”

“त्या न्यायाने मोहीम बुडेल असे आम्हा डॉक्टर मंडळींना वाटले होते,” आत्या म्हणाली.

“आणि मला वाटते, विचारल्याने मोहीम बुडत नाही, लपविल्याने बुडते. ३१ जानेवारी २०२१ आठवते? यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात पोलिओचा डोस म्हणून १२ बालकांना हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली. हा लसीचा दोष नव्हे, हे तुम्ही सांगाल, आणि ते खरे आहे. पण जिच्या मुलास उलट्या झाल्या ती आई बाटली आणि हात यांत फरक कसा करणार? ती म्हणेल, सरकारने पाजले. कर्मचारी निलंबित झाले. हाफकिन दूर झाले तसे. आपल्याकडे चौकशी म्हणजे माणूस शोधणे. वाट कोठे चुकली, हे शोधणे नव्हे.”

“पण देवी गेली ना, मामा,” आत्या अचानक म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा कापला. “पोलिओ गेला. २०११ च्या जानेवारीनंतर या देशात त्या मूळ विषाणूने एकही पाय लुळा झाला नाही. मी नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक शाळेत कुबडी घेतलेले एखादे पोर असे. आज शाळेच्या फाटकाशी उभी राहते तेव्हा मी अजूनही कुबडी शोधते. ती नसते. ती का नाही, हे कोणाला आठवतही नाही.”

“गेली, आणि त्याचे श्रेय तुम्हा लोकांच्या पायांना आहे,” मामा म्हणाले. “मात्र देवी घालविण्याच्या अखेरच्या वर्षांत बिहारात रात्री दारे फोडून माणसे धरून टोचली गेली, हेही आठवू द्या. काम सिद्धीस गेले म्हणून दार फोडलेले क्षम्य ठरत असेल, तर प्रत्येक दार फोडणारा आपले काम सिद्धीस जाणार असेच म्हणेल.”

“क्षम्य म्हणत नाही. पण त्या दाराआड देवी आलेले मूल असते, आणि शेजारच्या घरात न टोचलेली चार, तर मी काय केले असते, ते मला आज या ओसरीवर बसून सांगता येत नाही.”

मामांनाही ते सांगता आले नाही. दिवेलागण झाली होती. आम्ही सर्वजण विसरलो होतो की, प्रश्न विचारणारी सून अजून तेथेच बसली आहे. मूल तिच्या मांडीवर झोपले होते आणि कार्ड तिच्या हातात होते. ती हळूच म्हणाली, “मामाआजोबा, आत्याआजी, तुमचे दोघांचेही मला पटले. मी टोचून आणणार आहे. पण एक सांगा. रात्री ताप चढला, किंवा मामाआजोबा म्हणतात तसे काही झाले, तर मी फोन कोणाला लावायचा? या कार्डावर पुढच्या तारखा आहेत. नंबर नाही.”

आत्याने कार्ड घेतले, उलटून पाहिले, आणि मामांच्या खिशातली शाईची लेखणी मागून घेऊन कोऱ्या जागी, मोठ्या अक्षरांत, आपला दूरध्वनी क्रमांक लिहिला. मग ती सुनेस म्हणाली, “टोचताना बाटलीचा क्रमांक विचार आणि याच्या शेजारी लिहून आण. नर्सबाई रागावणार नाही. रागावली तर माझे नाव सांग.”

मामांनी चष्मा वर करून तो आकडा वाचला. “आत्याबाई,” ते म्हणाले, “या जागी तुमचा क्रमांक नको होता. सरकारचा हवा होता.”

“हवा होता,” आत्या म्हणाली. “तोवर हा असू द्या.”